जर्मनीतील संशोधनभेटीचे अनुदान: कशासाठी मिळते आणि कशासाठी नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका अनुदानित महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता आणि खारवट जमिनीतील जिवाणूंवर तुमचे काम आहे. एका ऑनलाइन परिषदेत ओळख झालेल्या जर्मन प्राध्यापकांनी ‘पैशांची सोय झाली तर जरूर या’ असे कळवले आहे. आता भारताचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जर्मनीची डाड ही शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था मिळून जी विनिमय योजना चालवतात, तीत अर्ज करून प्रवास, रसायने आणि एक छोटे सेंट्रिफ्यूज (नमुने वेगाने फिरवून त्यांतले घटक वेगळे करणारे यंत्र) अशा तिन्ही गोष्टी एकदम मिळतील का, असे तुम्ही विचारले आहे. अशा दोन विनिमय प्रकल्पांत मी भारतीय बाजूचा प्रमुख होतो आणि एकदा छाननी समितीवरही बसलो आहे. त्या अनुभवातून लिहितो.

सेंट्रिफ्यूज मिळणार नाही आणि रसायनेही मिळणार नाहीत. या योजनेच्या नावातच व्यक्तींचा विनिमय हा शब्द आहे आणि तो अक्षरशः घ्यावा. दोन वर्षांच्या प्रकल्पात दोन्ही बाजूंच्या संशोधकांचे येणे-जाणे आणि मुक्काम एवढाच खर्च उचलला जातो. मूळ संशोधनाचा पैसा दोन्ही प्रयोगशाळांकडे आधीपासून आहे, असे गृहीत धरलेले असते. म्हणून समितीवर बसलेला माणूस अर्जात सर्वांत आधी हे शोधतो की, हा प्रवास ज्या कामासाठी आहे ते काम सध्या कोणाच्या पैशावर चालू आहे. तुमच्याकडे विद्यापीठाचा वा अन्य एखादा लहानसा प्रकल्प मंजूर असेल, तर त्याचा मंजुरी क्रमांक आणि मुदत अर्जात ठळकपणे लिहा. नसेल, तर आधी तो मिळवण्याच्या मागे लागा, कारण रिकाम्या प्रयोगशाळेतून निघालेला प्रवास कोणत्याही समितीला पटवणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट, हा अर्ज एकट्याने करता येत नाही. भारतीय प्रमुखाने विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आणि जर्मन प्रमुखाने डाडकडे, असे एकाच प्रकल्पाचे दोन स्वतंत्र अर्ज आपापल्या मुदतीत जावे लागतात आणि एका बाजूचा अर्ज गेला नाही तर दुसऱ्याचा आपोआप बाद होतो. माझा पहिला प्रस्ताव याच कारणाने वाया गेला. आमच्या बाजूने सर्व कागद वेळेवर गेले होते. तिकडचे सहकारी सुट्टीवर होते आणि त्यांच्या कार्यालयाची सही राहून गेली. त्यात राग धरण्यासारखे काही नव्हते, पण वर्ष गेले. तेव्हापासून मी मुदतीच्या तीन आठवडे आधी समोरच्याच्या अर्जाची पोच मागतो आणि ती मागताना अजिबात संकोचत नाही.

‘पैशांची सोय झाली तर या’ हे वाक्य निमंत्रण वाटते खरे, पण ते फक्त सौजन्य आहे. ज्या प्राध्यापकांनी तुमचे काम एका सादरीकरणापलीकडे पाहिलेले नाही, ते स्वतःच्या नावाने अर्ज भरतील, आपले विद्यार्थी तुमच्याकडे पाठवण्याची योजना आखतील आणि दोन वर्षे अहवाल लिहितील, अशी अपेक्षा आजच करणे घाईचे आहे. म्हणून माझा सल्ला असा की, या संयुक्त योजनेकडे दुसरी पायरी म्हणून पाहा. पहिली पायरी म्हणून डाडचीच एक वैयक्तिक योजना आहे. विद्यापीठ वा महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या पीएच.डी.धारक शिक्षकांना ती १ ते ३ महिन्यांच्या संशोधन मुक्कामासाठी शिष्यवृत्ती देते. तिथे अर्ज तुमचा एकटीचा असतो. जर्मन बाजूकडून लागते ते यजमानाचे निमंत्रणपत्र. एकदा त्या प्रयोगशाळेत दोन महिने हाताने काम केले की, पुढच्या संयुक्त प्रस्तावात ‘आम्ही सहकार्य करू इच्छितो’ या वाक्याच्या जागी ‘आम्ही एवढे केले, आता एवढे उरले आहे’ असे लिहिता येते आणि या दोन वाक्यांत पडणारा फरक मी समितीच्या टेबलावर अनेकदा पाहिला आहे.

परदेशी संशोधकांना जर्मनीत कामासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या हम्बोल्ट प्रतिष्ठानाचा विचारही मनातून काढू नका. त्या शिष्यवृत्तीला महाविद्यालयीन शिक्षक अनेकदा वचकून असतात, कारण मुक्काम लांब असतो आणि एवढी रजा कोण देणार, हा प्रश्न पडतो. अनुभवी संशोधकांसाठी, म्हणजे साधारणपणे पीएच.डी.नंतर बारा वर्षांपर्यंत, ६ ते १८ महिन्यांची जी शिष्यवृत्ती आहे, तिचा मुक्काम तीन भागांत विभागून घेण्याची मुभा आहे. हे फार जणांना ठाऊक नसते आणि शैक्षणिक सत्राला बांधलेल्या माणसासाठी तीच सर्वांत उपयोगाची तरतूद आहे. गुरुग्रामला २०१० मध्ये सुरू झालेले भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र संयुक्त संशोधनाला पैसा देते आणि त्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. पण त्याच्या मुख्य योजनेत दोन्ही देशांतून एकेक शैक्षणिक संस्था आणि एकेक उद्योग असा चौघांचा संच लागतो. तुमच्या कामाला अजून उद्योगाचा हात लागलेला नाही, तेव्हा ते तूर्त बाजूला ठेवा. तिथल्याच महिला वैज्ञानिकांसाठीच्या ‘वायझर’ योजनेची पात्रता मात्र वाचून पाहा.

आता प्रस्तावाच्या गाभ्याकडे येतो, कारण बहुतेक अर्ज तिथे पडतात. प्रत्येक भेटीपुढे एक प्रश्न अदृश्य शाईने लिहिलेला असतो: हे काम ईमेलने किंवा नमुने पाठवून का होणार नाही? त्याला तुमचे उत्तर ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ असे असेल, तर तो प्रस्ताव ढिगाच्या तळाशी जातो. तिथले विशिष्ट उपकरण स्वतः चालवायला शिकायचे आहे, मोजमापाची पद्धत दोन्हीकडे सारखी करून घ्यायची आहे, किंवा हंगामात जागेवरच नमुना घेऊन तासाभरात त्यावर प्रक्रिया करावी लागते म्हणून जर्मन विद्यार्थ्याने इथे यायलाच हवे, असे काहीतरी हातात धरता येईल असे कारण लागते. भेटींचे वेळापत्रक लिहिताना ‘पहिल्या वर्षी दोन भेटी’ एवढ्यावर थांबू नका. कोण जाणार, किती दिवस, परतताना कोणती माहिती किंवा कोणते कौशल्य घेऊन येणार, हे प्रत्येक भेटीपुढे लिहा. प्रमुखांनी दोन्ही वर्षे आठ-आठ दिवस फिरून यायचे आणि विद्यार्थ्याचे नाव कुठेच नाही, अशी योजना मी स्वतः खाली ढकललेली आहे, कारण या पैशाचा खरा लाभ तरुण संशोधकाने तिकडे महिनाभर प्रयोगशाळेत हाताने काम करण्यात असतो.

तुमच्या विषयात एक अडचण अशी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष केले तर मंजूर प्रकल्पही अडकतो. तुमचे जिवाणू भारतीय जमिनीतले आहेत, म्हणजे जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार ती जैविक साधनसंपत्ती आहे. परदेशी व्यक्ती वा संस्थेला ती संशोधनासाठी द्यायची असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आखलेल्या आणि मान्यता मिळालेल्या संस्थात्मक सहकार्य प्रकल्पांना कलम ५ मध्ये सवलत आहे. पण वैयक्तिक शिष्यवृत्तीवर जाताना बॅगेत नेलेल्या जिवाणूंच्या नळ्यांना ती आपोआप लागू होत नाही. कागद फक्त इकडेच लागतात असेही नाही. जैविक साधनसंपत्ती कशी मिळवावी आणि तिचा लाभ कसा वाटावा हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आला आणि युरोपीय संघाच्या ५११/२०१४ या नियमावलीनुसार जर्मन प्रयोगशाळेलाही नमुना कायदेशीर मार्गाने आल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. म्हणून यजमानांना पहिल्या पत्रातच विचारा की कोणते कागद लागतील, आणि प्राधिकरणाकडे अर्ज करायला लागणारा काळ वेळापत्रकात धरा. पहिल्या भेटीत शक्य असेल तर तिथल्या संग्रहातील प्रजातींवर पद्धत शिकून या आणि आपले जिवाणू दुसऱ्या भेटीसाठी ठेवा.

पैसा कोणाच्या खात्यात येणार, हेही आधी ठरवावे. तुम्हाला मिळणारी वैयक्तिक शिष्यवृत्ती ही वेगळी बाब आहे. परंतु जर्मन संस्थेने एखाद्या खासगी शिक्षणसंस्थेला प्रकल्पासाठी रक्कम पाठवायची ठरवली, तर परदेशी अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी त्या संस्थेकडे असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. शेजारच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घेऊन आपल्याकडे वळवू, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. असे हस्तांतरण त्याच दुरुस्तीने बंद केले आहे. तुमच्या संस्थेच्या कार्यालयात हा विषय काढून पाहा. उत्तर नकारार्थी असेल, तर प्रत्येक देशाने आपल्या माणसांचा खर्च आपल्याच चलनात करावा, अशी रचना असलेल्या योजनाच तुमच्यासाठी सोप्या आहेत.

व्हिसाचे एक गणित सांगतो, कारण त्यात भलेभले चुकतात. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे ‘तीन महिने’ मोजले तर ९२ दिवस होतात. तेव्हा एकतर मुक्काम ८५ दिवसांचा ठेवा किंवा सुरुवातीलाच जर्मनीच्या लांब मुक्कामाच्या राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज करा. त्या १८० दिवसांत आधी परिषदेनिमित्त युरोपात आठवडाभर जाऊन आला असाल, तर तेही दिवस मोजले जातात.

कर्तव्यरजा आणि परदेशगमनाचे ना हरकत प्रमाणपत्र यांचे अर्ज निमंत्रणपत्र हाती पडताच टाका. निकालाची वाट पाहत बसू नका. शासकीय अनुदानातून तिकीट काढणार असाल, तर ते कोणत्या अधिकृत एजंटामार्फत काढायचे, हे मंजुरीपत्रात वाचूनच पैसे भरा. स्वस्त मिळाले म्हणून भलत्याच संकेतस्थळावरून काढलेल्या एका तिकिटाची रक्कम मला अखेर खिशातून सोसावी लागली होती. बोर्डिंग पास दोन्ही दिशांचे जपा आणि त्यांची त्याच दिवशी छायाप्रत काढा, कारण त्यांवरची शाई उडते आणि उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) करण्याची वेळ येते तेव्हा हातात कोरा कागद उरतो. पहिल्या वर्षाचे ते प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचा हप्ता सुटत नाही.

या आठवड्यात करायचे काम एकच आहे. त्या प्राध्यापकांना योजनांची नावे कळवू नका. एका पानात तुमचे दोन निष्कर्ष, तुम्हाला अडलेली एक मोजणी आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील कोणत्या उपकरणावर किती दिवस लागतील, एवढे लिहून पाठवा. त्यांचे उत्तर त्या मोजणीबद्दल आले, तर मसुदा इथे टाका. मी वाचून पाहीन.