खेळाचं विश्लेषण शिकायचंय? आधी खो मोजा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे, शाळेपासून खो-खो खेळते. फुटबॉलमधल्या पासच्या जाळ्यांचे व्हिडिओ पाहून 'नेटवर्क ॲनालिसिस'मध्येच करिअर करायचं म्हणते. दीड लाखाचा ऑनलाइन कोर्स लावून द्यावा का? – एक पालक, कोथरूड

उत्तर : नमस्कार. दीड लाख सध्या राहू द्या. बारावीनंतर बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घ्यावं (फर्ग्युसनमध्ये आहे) आणि पुढे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात एम.एस्सी. करावं. खेळातल्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच आहेत. नाहीच मिळाली, तरी ही पदवी बँकेत, विमा कंपनीत चालते.

तंत्र फुकट शिकता येतं. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा, त्यातली नेटवर्कएक्स लायब्ररी (जाळ्यांची गणितं करणारा तयार कोड) आणि स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटा कंपनीने गिटहब या संकेतस्थळावर खुला ठेवलेला सामन्यांचा डेटा, एवढं पुरतं. खेळाडू म्हणजे बिंदू, पास म्हणजे बाण, पासची संख्या म्हणजे बाणाचं वजन. पहिला बदली खेळाडू उतरेपर्यंतचेच पास घ्यावेत. मधला दुवा कोण, हे काढताना (बिटविननेस) हमखास फसगत होते, कारण लायब्ररी वजनाला अंतर समजते. मग सर्वाधिक पास देणारी जोडीच एकमेकांपासून सर्वांत लांब ठरते! तिथे अंतर म्हणून 1 भागिले पासची संख्या द्यावी.

मात्र तिचं खरं भांडवल खो-खो आहे. खो देणारी ते खो घेणारी, असा बाण आयता मिळतो. 27 बाय 16 मीटरच्या मैदानाचे दोन्ही खांब दिसतील असा मोबाइल उंचावर लावावा. प्रशिक्षकांची परवानगी आधी घ्यावी. एक्सेलमध्ये प्रत्येक खोची एक ओळ : पाळी, सेकंद, देणारी, घेणारी, घेणारीची जागा, त्या खोवर गडी बाद झाला की नाही. जागेचा रकाना वगळू नये, कारण खो देणारी घेणारीच्या जागी बसते आणि मांडणी दर खोला बदलते.

फुटबॉलची मापं इथे जशीच्या तशी लावली की घोळ होतो. खो घेणारीच पुढचा खो देते, त्यामुळे एका पाळीत प्रत्येकीने घेतलेले आणि दिलेले खो जवळपास सारखेच, फरक फार तर एकाचा. त्या आकड्यांवरून 'जास्त देणारी' शोधण्यात अर्थ नाही. बाद होण्याआधीच्या दोन-तीन खोंमध्ये कोणती जोडी वारंवार येते, ते पाहावं. मुली दर पाळीला सुरुवातीला त्याच जागी बसत असतील, तर जोडी समजुतीमुळे जमली की शेजारामुळे, हे कळणार नाही. सरावात प्रशिक्षकांना जागा बदलायला सांगावं. एवढं काम बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत होईल, आधी नको.