धुऱ्यावरची बोर ठेवा, पण धुरा पेटवू नका

प्रश्न (यवतमाळ जिल्हा) : वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) आजोबांच्या वेळच्या दोन गावरान बोरी आहेत. आधी जानेवारीत खाली सडा पडायचा, रात्री कोल्हे, उदमांजरं येत. तीन-चार वर्षांपासून बोरं कमीच लागतात. बोरातली अळी कपाशीवर येते म्हणतात. झाडं तोडू का?

उत्तर : तोडू नका, भाऊ. बोरातली अळी बहुतेक करून फळमाशीची. ती कपाशीच्या बोंडात शिरत नाही. बोंडअळीचा दोष बोरीवर लादू नका.

बोरं का कमी झाली, ते तुम्ही पाठवलेल्या फोटोतच दिसतं. बुंध्याची साल एका अंगानं काळी पडून उकललेली आहे, म्हणजे उन्हाळ्यात धुरा पेटवता. कचरा पाच मिनिटांत जळतो, पण सालीखालचा जिवंत भाग भाजला की त्या बाजूच्या फांद्या वाळत जातात. गवत विळ्यानं कापा.

दुसरं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बोर फुलते ऑगस्ट ते ऑक्टोबरात, नेमकी कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत. फूल हिरवट-पिवळं, ज्वारीच्या दाण्याएवढं. माश्या-मधमाश्या फिरल्याशिवाय फळ धरत नाही. धुऱ्यालगतच्या ओळींत गरज नसताना फवारू नका. बाकी फवारा संध्याकाळी, वारा पडल्यावर. तणनाशक तर धुऱ्यावर नकोच.

छाटणी एप्रिल-मेमध्ये, झाड पानं गाळून निजलेलं असताना. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून बागेतली बोर दरवर्षी जबर छाटतात. तुमची काही बाग नाही. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. जिवंत लाकूड चौथ्या हिश्शाहून जास्त नको, आणि एका वर्षी एकच झाड. बांडगूळ ओरबाडून जात नाही, त्याची मुळं लाकडात असतात. वीतभर खालून फांदीच कापा. जाड कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. काट्या कुंपणाला घ्या. हिवाळ्यात फळांसकट फांद्या तोडून कुंपण करायची आपली रीत मात्र सोडा.

ढोली असेल तर बुजवू नका. तिथं पिंगळा राहतो नि उंदीर खातो.

बोरांमागे रानडुकरंही येतील, हे लपवत नाही. त्या बाजूला हरभरा असेल तर राखण ठेवा. जंगल लागून असेल तर अस्वलही येतं, म्हणून लेकरांना पहाटे बोरं वेचायला पाठवू नका.