ठाण्यातल्या बाल्कनीत सुवासिक ऑर्किड जगेल का? कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळी दहापर्यंत ऊन. नर्सरीतून आणलेल्या जांभळ्या ऑर्किडला वासच नाही. आणि तुम्ही घरी येता संध्याकाळी साडेसातला.

रोप निवडताना मी यातली साडेसातची वेळ आधी बघेन. ऑर्किडचा वास दिवसभर सारखा येत नाही. ज्या कीटकाला बोलवायचं, त्याच्या फिरण्याच्या वेळी तो सुटतो. मधमाश्यांची फुलं सकाळी ऊन तापलं की दरवळतात, पतंगांची अंधार पडल्यावर. रातराणी आणि निशिगंधाचं जे गणित, तेच इथे. सकाळी घमघमणारं महागडं रोप आणलंत, तर तुमच्या वाट्याला शनिवार-रविवारच येणार.

तुमचं जांभळं बहुधा डेंड्रोबियम या ऑर्किड-प्रकाराचं संकरित रोप असावं. ही रोपं रंगासाठी आणि फूल महिनाभर टिकावं म्हणून तयार केलेली असतात, त्यात वासाचा विचार नसतो. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडच्या मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचंही तसंच. खत बदलून त्यांना वास येणार नाही.

तुमच्यासाठी पहिलं रोप: ब्रासाव्होला नोडोसा. मूळ मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंतचं, त्यामुळे ठाण्याचा उकाडा त्याला परका नाही. पानं जाड, पेन्सिलीसारखी गोलसर. फुलाच्या पाकळ्या हिरवट आणि बारीक, मधली पाकळी पांढरीशुभ्र बदामी आकाराची. दिवसा नाक लावलंत तरी काही नाही. अंधार पडला की लिंबाच्या अंगाचा गोड वास सुटतो, एका फुलानेही बाल्कनी भरते. रोप रुळलं की वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलतं.

दुसरं, निओस्टायलिस लू स्नीअरी. हे छोटं संकरित रोप आहे, वीतभर जागेत मावतं आणि फुलण्यात कंजूष नाही. ऱ्हिंकोस्टायलिस जायगँटियाचे डिसेंबर ते फेब्रुवारीत येणारे झुपके देखणे असतात, पण वास दिवसाचा. ऑन्सिडियम शॅरी बेबीला खरोखर चॉकलेटचा वास येतो, तोही सकाळपासून दुपारपर्यंतच. शिवाय तिची मुळं बारीक, पाण्याची हयगय झाली की नव्या पानांवर आडव्या चुण्या पडतात आणि त्या पुन्हा कधीच सरळ होत नाहीत. नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीही उत्तम, मंद वासाची, मे-जूनमध्ये लोंबत्या तुऱ्यांनी फुलणारी. मात्र रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या. रस्त्यावर विकायला येणारी जंगलातून ओरबाडलेली असतात आणि मुळं तुटल्यामुळे बहुतेक जगतही नाहीत.

आता लावण्याबद्दल, कारण ऑर्किड मरतात ती बहुतेक इथेच. ही झाडांच्या फांद्यांवर वाढणारी रोपं. मुळांवर स्पंजासारखा पांढरा थर असतो. तो पाणी झटकन शोषतो आणि नंतर त्याला वारा लागतो. माती घातली की मूळ गुदमरून कुजलंच. नारळाच्या सोडणाचे तुकडे सगळे सुचवतात, पण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ते चार महिने ओलेच राहतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांचा लगदा होतो. त्याऐवजी लाकडी कोळसा आणि भाजलेल्या विटेचे तुकडे निम्मे-निम्मे घ्या, प्रत्येक तुकडा दोन-तीन सेंटिमीटरचा. धुवा, रात्रभर भिजत ठेवा, चुरा टाकून द्या. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या नकोत, त्यांत चिकटवायचे पदार्थ असतात.

ब्रासाव्होलाला चार इंचांची, बाजूंनी भोकं असलेली मातीची कुंडी पुरते. मोठी कुंडी म्हणजे जास्त सोय, असं इथे नसतं, ती फक्त उशिरा वाळते. लावताना कुजलेली मुळं कापा. बोटांत दाबल्यावर पोकळ, मऊ लागतात ती कुजलेली, टणक लागतात ती ठेवायची. रोप हलत असेल तर नायलॉनच्या दोऱ्याने काडीला बांधा. हलत्या रोपाच्या नव्या मुळांची टोकं घासून मरतात. कुंडी बदलायची तर मुळांना हिरवी टोकं फुटत असताना, एरवी हात लावू नका.

पाणी वारावर देऊ नका, मुळाकडे बघून द्या. मूळ चंदेरी-पांढरं दिसलं तर द्या, हिरवं दिसलं तर थांबा. मार्च ते मे रोज सकाळी, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी, आणि पावसाळ्यात कुंडी पूर्ण वाळल्यावरच. देताना खालून वाहीपर्यंत द्या. संध्याकाळी नको, कारण पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचलं की शेंड्याकडून काळी सड सुरू होते. ही सड दिसली की स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा आणि पानावरच्या कापावर दालचिनीची पूड लावा. मुळांना ती लावू नका, सुकवते. तांब्याचं बुरशीनाशक फवारायचं असेल तर तुमच्या जांभळ्या डेंड्रोबियमला आधी बाजूला करा, त्याला ते सोसत नाही. बोअरिंगच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर चढतो. तसं पाणी असेल तर पावसाचं साठवून वापरा.

खत: पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून मग खताचं पाणी. महिन्यातून एकदा खताची पाळी सोडून नुसत्या भरपूर पाण्याने कुंडी धुऊन काढा, नाहीतर क्षार साचून मुळांची टोकं तपकिरी पडतात. ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये खत निम्मं करा.

उजेड किती मिळतोय ते पान सांगतं. गडद हिरवं, छानसं दिसणारं पान म्हणजे उजेड कमी, आणि असं रोप वर्षानुवर्षं फुलत नाही. किंचित पिवळसर हिरवं पान हवं. ब्रासाव्होलाच्या पानावर लालसर ठिपके आले तर उलट चांगलं. तुमचं दहापर्यंतचं ऊन त्याला चालेल, रेलिंगजवळच ठेवा. एप्रिल-मेमध्ये पान हाताला गरम लागलं तर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. जायगँटियाला ती जाळी मार्चपासूनच.

पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या तळाशी बघत जा. इवल्याशा गोगलगायी दिवसा भोकांत दडतात आणि रात्री मुळांची कोवळी हिरवी टोकं खातात. मूळ अचानक बोथट झालेलं दिसलं तर हेच कारण. पिठ्या ढेकूण दिसला तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. पानांच्या देठाखाली नक्की बघा, तिथेच तो लपतो.

खरेदी जून-जुलैत नको. बाहेर सगळं ओलं असताना नवं रोप सावरणं अवघड जातं. फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर बरा. विकणाऱ्याला 'फुलण्याइतकं मोठं आहे का?' असं स्पष्ट विचारा, कारण प्रयोगशाळेच्या बाटलीतून नुकतं निघालेलं रोप स्वस्त असतं पण फुलायला काही वर्षं घेतं.

फुलं आल्यावर कुंडी एसीच्या खोलीत नेऊ नका, थंड हवेत वास मंदावतो. उमलल्याच्या पहिल्या रात्री वास नसेल तर आणखी एक-दोन रात्री थांबा. एखाद्या कीटकाने फुलावर परागकण आणून टाकले तर फूल लवकर कोमेजतं, तो तुमचा दोष नाही. आणि एप्रिल-मेमध्ये घरात आंब्याची अढी लावलेली असेल तर कळ्यांवरचं रोप त्या खोलीत मुळीच नको. पिकणाऱ्या आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने न उमललेल्या कळ्या पिवळ्या पडून गळून जातात.