फर्मवेअर अपडेट केल्यापासून राउटरचं तापमान ६० वरून ८२ वर गेलंय. जुनं फर्मवेअर परत टाकू का?

नका टाकू. निदान आज तरी नका. राउटर आहे तिथून उचला, पंख्याखाली स्टुलावर ठेवा, अर्ध्या तासाने आकडा बघा आणि मग हव्या तेवढ्या शिव्या फर्मवेअरला, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरला, द्या.

एवढं लिहून थांबणार होते, पण नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरी एक अख्खा गणपती गाजलाय. त्यामुळे आता सांगतेच.

आम्ही लालबागला, चाळीत, शेवटच्या मजल्यावर. वर पत्रा, पत्र्याखाली पोटमाळा. राउटर एरवी शोकेसवर असतो. गणपतीत ती जागा मखराला लागते, म्हणून हरतालिकेच्या आदल्या दिवशी मिस्टरांनी तो पोटमाळ्यावर सरकवला, गाद्यांच्या वळकट्यांमध्ये. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. पूर्वी डबा टीव्हीवर असायचा, तोच. आणि त्याच रात्री राउटरने आपोआप अपडेट घेतलं.

सकाळी पुण्याहून आलेल्या माझ्या दिरांनी अॅप उघडलं तर ८३. आदल्या आठवड्यात मीच बघितलं होतं, ६२. भाऊजी आयटीत. "वहिनी, अपडेटने वाट लावली. मी नेहमी सांगतो, चालतंय त्याला हात लावू नये." मी म्हटलं, भाऊजी, आधी खाली काढून बघू या का? तर म्हणाले, "वहिनी, हे सोल्डरिंग नाही, सॉफ्टवेअर आहे."

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. लॅमिंग्टन रोडला एका गाळ्यात ११ वर्षं अॅडॉप्टर, सेटटॉप बॉक्स आणि राउटर उघडून बसायचे. पण त्या दिवशी हरतालिकेचा कडक उपास होता, भांडायला अंगात त्राण नव्हतं. गप्प बसले.

भाऊजींनी कुठूनशी जुनी फाइल शोधून टाकली. सगळी सेटिंग्ज उडाली. वायफायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, दुसऱ्या दिवशी आरतीला आलेला प्रत्येक जण निरांजन ओवाळायच्या आधी पासवर्ड विचारत होता. आणि तापमान? ७९. "बघा, उतरलं की नाही," भाऊजी म्हणाले.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन करून सगळे चहाला टेकले तेव्हा मी शिडी लावली, रुमाल बाजूला केला, राउटर खाली आणून पंख्याखाली ठेवला. फर्मवेअर तेच, भाऊजींनी टाकलेलं. चहा, वाटली डाळ आणि विसर्जनाच्या गर्दीच्या गप्पा होईपर्यंत आकडा ६१. मी फक्त फोन त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "पाऊस पडून गेला ना, म्हणून."

तर, अॅपमध्ये दिसतो तो आकडा चिपच्या आतला असतो. खोक्यावर ० ते ४० अंश छापलेलं असतं ते भोवतालच्या हवेचं. या दोन्हींची गल्लत करून लोक उगाच घाबरतात. राउटरमधल्या बऱ्याच चिपा आतून १०० अंशांपर्यंत तग धरतील अशाच बनवलेल्या असतात, त्यामुळे ८२ म्हणजे काही आग लागत नाही. पण भोवतालची हवा जितके अंश चढेल, तितकाच साधारण आतला आकडा चढतो. मुंबईत कोणी ना कोणी लगेच दमटपणाचं नाव काढतं. दमट हवेचा जाच आपल्याला, कारण घाम वाळत नाही. राउटरला घाम येत नाही. त्याला हवा किती गरम आणि किती कोंडलेली, एवढंच कळतं. खाऱ्या हवेने पिना गंजतात ते खरं, पण ते वेगळं दुखणं.

आणि उष्णतेने चिपच्या आधी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, जातात. आमच्या धंद्यातला हिशोब असा, की १० अंश वाढले की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. गाळ्यावर "राउटर मेला" म्हणून येणाऱ्या खोक्यांतले कितीतरी नुसते अॅडॉप्टर बदलून चालू व्हायचे. आत बघावं तर कपॅसिटर पुरीसारखा फुगलेला.

जुन्या फर्मवेअरचं म्हणाल तर मला त्याचा रागच आहे. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीला आला. ५४ देशांत निदान ५ लाख राउटर आणि तसली उपकरणं त्याने धरली होती, एफबीआयला लोकांना राउटर बंद करून चालू करा म्हणून सांगावं लागलं. तो शिरला तो बहुतेक करून सुरक्षेतल्या आधीच माहीत असलेल्या भोकांतून. अपडेट ती भोकं बुजवायला असतं. चार अंशांसाठी ती परत उघडायची आणि वर त्याला "चालतंय ते चालू दे" असं शहाणपण म्हणायचं! भाऊजी हे वाचणार नाहीत, पण कोणीतरी त्यांना पाठवीलच.

आता, प्रामाणिकपणे सांगायचं तर अपडेट अगदीच निर्दोष नव्हतं. मी नवं फर्मवेअर परत टाकलं तेव्हा त्याच स्टुलावर ६५ आलं. शोधता शोधता कळलं, की कोण किती डेटा वापरतो याची मोजदाद नव्या फर्मवेअरने स्वतःहून चालू केली होती. काही राउटरांत ती किंवा क्यूओएस (कोणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) चालू केलं की हार्डवेअर अॅक्सिलरेशन, म्हणजे प्रोसेसरचं ओझं हलकं करणारी चिपमधली सोय, बंद पडतं आणि डेटाचं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला स्वतः हाताळावं लागतं. बंद केल्यावर परत ६१. तुम्हीही ते बघा. शिवाय चॅनलची रुंदी १६० मेगाहर्ट्झवर गेलीय का, ट्रान्समिट पॉवर वाढलीय का, यूएसबीला डिस्क लावली असेल तर तिची यादी बनवणं चालू आहे का, हेही. कधी कधी फर्मवेअरमधला नवा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) तेच तापमान वेगळं मोजतो, किंवा पूर्वी न दिसणारा रेडिओच्या चिपचा आकडा दाखवायला लागतो. मग आकडा बदलतो, राउटर तेवढाच गरम असतो. एसएसएचने, म्हणजे कॉम्प्युटरवरून राउटरला थेट कमांड देऊन, बघत असाल तर ८२००० दिसेल, घाबरू नका, तिथे हजाराने भागायचं असतं.

त्या ४ अंशांचं श्रेय मी भाऊजींना चारचौघांत दिलंय. उरलेल्या १८ चं त्यांनी अजून मला दिलेलं नाही.

स्टुलावर ठेवूनही आकडा हलला नाही तर नवंच फर्मवेअर ठेवून फॅक्टरी रीसेट करा आणि सेटिंग्ज हाताने भरा, जुना बॅकअप चढवू नका. ९५ च्या पुढे जात असेल किंवा राउटर मध्येच बंद होत असेल तर दुकानात न्या. वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, स्टिकर फाटला की हात वर करतात. आणि राउटर ठेवलाय कुठे, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही.