टी-रेक्सची आई टेरानोडॉन कशी?

प्रश्न : मी सध्या लेकीकडे, न्यू जर्सीत एडिसनला आले आहे. चार वर्षांचा नातू रोज ‘डायनासोर ट्रेन’ ही कार्टून मालिका बघतो. त्यात डायनासोर आगगाडीने हिंडतात, टी-रेक्सचं पिल्लू टेरानोडॉनला आई म्हणतं, सगळे गुण्यागोविंदाने राहतात. लेक म्हणते, शैक्षणिक आहे. मला वाटतं, पोराच्या डोक्यात नसतं खूळ भरतंय. हे सगळं खोटं आहे, असं त्याला सांगू का?
— एक आजी

उत्तर : ताई, नका सांगू. गाडी खोटी आहे हे त्यालाही ठाऊक असणार. काऊचं घर शेणाचं आणि चिऊचं मेणाचं, हे ऐकवताना आपण कुठे बांधकामाचा परवाना दाखवला होता?

मालिका अमेरिकेत पीबीएस वाहिनीवर २००९ साली सुरू झाली. क्रेग बार्टलेट यांनी रचली, जिम हेन्सन कंपनीने काढली. आगगाडी त्यांनी उगाच आणलेली नाही. ट्रायासिक, ज्युरासिक आणि क्रेटेशियस हे डायनासोरांचे तीन काळ कोट्यवधी वर्षांचे. तिन्हींतले प्राणी एकाच कुरणात चरताना दाखवण्यापेक्षा गाडी बोगद्यात घालून काळ बदलणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवताना हे तीन काळ गळी उतरवायला बी.एस्सी.च्या वर्गात माझा घाम निघायचा.

खरी गफलत तुम्ही म्हणता तिथेच आहे, बडी (ते टी-रेक्सचं पिल्लू) आणि त्याच्या आईत. टेरानोडॉनचे अवशेष कॅन्ससच्या चुनखडीत सापडतात, साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचे. टी-रेक्स अवतरला पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. आणि दोघेही क्रेटेशियसमधलेच, म्हणजे इथे बोगद्याचाही उपयोग नाही! शिवाय टेरानोडॉन डायनासोर नव्हेच. तो उडणारा सरीसृप, बिनदाताच्या चोचीने मासे खाणारा. पण ही चूक दहाव्या वर्षी सुधारली तरी चालते. बडी आपल्या भावंडांसारखा दिसत नाही, म्हणून तो विचारत सुटतो, अंदाज बांधतो आणि मग जाऊन खात्री करून घेतो. ही सवय मात्र दहाव्या वर्षी लावायला गेलात तर जड जाते.

गोष्ट संपली की डॉ. स्कॉट सॅम्पसन येतात. ते खरोखरचे जीवाश्मतज्ज्ञ आहेत. खरं काय ते सांगून मुलांना ‘बाहेर जा, बघा’ म्हणतात. नेमका तेव्हाच आपल्याकडे रिमोट दाबला जातो. तुम्ही तेवढी पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसा.

आणि बाहेर जायचंच तर तुमच्या राज्यातच हॅडनफील्ड गाव आहे. तिथे १८५८ साली हॅड्रोसॉरस या डायनासोरची हाडं निघाली. दहा वर्षांनी फिलाडेल्फियात त्याचा सांगाडा उभा केला. डायनासोरचा सांगाडा असा उभा करण्याची जगातली ती पहिलीच वेळ. गावात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल. पुतळ्यापाशी एवढंच विचारा : पुढचे पाय लांब की मागचे? मग हा चालत कसा असेल? जोसेफ लेडी या शास्त्रज्ञाने हाडं मांडून हाच प्रश्न सोडवला होता. पुढचे पाय फारच आखूड, तेव्हा हा मागच्या पायांवर उभा राहत असणार, असं त्याने ताडलं. नातवाने वेगळं काही सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका. ‘कशावरून?’ म्हणा.

घरी मराठीतून सांगायला आपलीही एक गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या मातीत डायनासोरची शी सापडते, दगड झालेली. हातात घेतली तर जड लागते, वासबीस काही नाही. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्या दगडांत गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे पिसदुऱ्याच्या शीमुळे कळलं. चार वर्षांच्या मुलाला या विषयाचं किती प्रेम असतं, ते तुम्हाला मी काय सांगावं! फक्त जेवणाच्या टेबलावर काढू नका, लेक ओरडेल.