शब्दांची विचारपूस : ‘क्लॉक’, ‘ओ’क्लॉक’ आणि ‘क्लॉकवाइज’

मुलाने वहीत ‘फाइव्ह थर्टी ओ’क्लॉक’ लिहिलं, बाईंनी खोडलं. चूक काय? (निपाणी)

बाईंचं बरोबर आहे. ‘ओ’क्लॉक’ हे ‘ऑफ द क्लॉक’चं आखडलेलं रूप, आणि ते फक्त पुऱ्या तासालाच लागतं. साडेपाचला ‘फाइव्ह थर्टी’ किंवा ‘हाफ पास्ट फाइव्ह’ एवढंच पुरे. मुलं जास्त अडखळतात ती पावणेसहाला. पावणेसहात पुढच्या तासाचं नाव येतं, तसंच इंग्रजीतही ‘क्वार्टर टू सिक्स’. साडे आणि सव्वा मात्र मागच्या तासावर बसतात. एवढं एकदा नीट समजावलं की चुका थांबतात.

‘क्लॉक’ हा शब्द मुळात घंटेचा. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्लॉका’ म्हणजे घंटा, आणि जर्मन ‘ग्लोके’, फ्रेंच ‘क्लोश’ आजही घंटाच. युरोपातल्या सुरुवातीच्या कित्येक यांत्रिक घड्याळांना तबकडी नव्हती, काटे नव्हते. ती नुसते टोल देत. मनगटावरच्या घड्याळाला इंग्रजीत ‘क्लॉक’ म्हणत नाहीत, ते ‘वॉच’.

बेळगावकरांना हे नवल वाटायला नको. कन्नडात ‘गंटे’ म्हणजे घंटाही आणि वाजलेला तासही. बाजारात ‘एष्टु गंटे?’ असंच विचारतात. मराठीत ‘तास’ म्हणजे टोल देण्याची धातूची थाळीही होती, आणि आपण अजून ‘किती वाजले?’ असंच विचारतो. वेळ आधी ऐकली जायची, बघितली गेली नंतर, याची खूण तिन्ही भाषांत राहिली आहे.

लाइनचं काम झाल्यापासून बोअरला पाणी निम्म्यावर आलंय. वायरमन म्हणतो, मोटर ‘अँटीक्लॉक’ फिरतेय. असं होतं का? (खानापूर तालुका)

होतं. थ्री-फेज मोटर कुठल्या दिशेने फिरणार हे तीन फेजच्या क्रमावर ठरतं. खांबावर वायरी पुन्हा जोडताना दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, उलटा फिरला तरी थोडं पाणी चढतं, म्हणून दोष लगेच ध्यानात येत नाही. दाब मात्र कमी होतो आणि मोटर तशीच चालू ठेवली तर पंपाचं नुकसान होतं.

उपाय सोपा आहे, पण मेन स्विच बंद करून आणि जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. स्टार्टरमधून मोटरीकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या. तिन्ही एकेक घर सरकवल्या तर क्रम तोच राहतो आणि काही बदलत नाही. सबमर्सिबल पंप खाली पाण्यात बुडालेला असल्याने फिरताना दिसत नाही, तेव्हा दोन्ही जोडण्या थोडा वेळ चालवून बघा. जास्त पाणी देणारी जोडणी खरी. सिंगल-फेज मोटरीला हा उपाय नाही. तिथे पुरवठ्याच्या वायरी बदलून दिशा बदलत नाही, स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं बदलावी लागतात.

‘क्लॉकवाइज’ म्हणताना कुठल्या बाजूने बघून, ते सांगायलाच हवं. छताचा पंखा आपल्याकडे खालून पाहिला तर बहुधा अँटीक्लॉकवाइज फिरतो. गच्चीवरून आरपार दिसला असता तर तोच क्लॉकवाइज ठरला असता. फोनवर मेकॅनिकला दिशा सांगताना ‘मोटरीच्या मागच्या पंख्याच्या बाजूने’ की ‘शाफ्टच्या बाजूने’ हे आधी बोला. मोनोब्लॉकवर (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या संचावर) बाण असतो, त्यावर भरवसा ठेवा.

उजवीकडे घट्ट, डावीकडे ढिला, मग काही नट उलटे का? (उद्यमबाग, बेळगाव)

मुद्दाम ठेवलेले असतात. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरला उलटे आटे असतात आणि ऑक्सिजनला सुलटे, म्हणजे घाईतही एकाची जोडणी दुसऱ्याला बसत नाही. ॲसिटिलीनच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचाही असतात, बोटांनी चाचपून कळतं. ती जोडणी क्लॉकवाइज फिरवली की सुटते. जोर लावून ‘नेहमीसारखी’ फिरवली तर आटे जातात आणि गॅस गळतो. तिथे क्षमा नाही. सायकलचं डावं पेडल आणि बऱ्याच टेबलफॅनच्या पात्याचा नटही उलटे असतात, चालताना आपोआप सुटू नयेत म्हणून.

काटे याच दिशेने का फिरतात? (चिकोडी)

उत्तर गोलार्धातल्या छायायंत्रावर सावली अशीच सरकते: सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला, संध्याकाळी पूर्वेला. घड्याळाच्या काट्यांनी तीच दिशा घेतली. पण बेळगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १५.८५ अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत अंगणात उभ्या रोवलेल्या काठीची सावली पश्चिमेकडून दक्षिणेमार्गे पूर्वेला जाते, म्हणजे अँटीक्लॉकवाइज. मे अखेरीस, पावसाच्या आधी, करून बघा. घड्याळात बारा वाजता नको, भारताची घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेने चालतात आणि बेळगाव त्याच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास असते. सव्वाबारा ते पाऊण, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा.