नाशिकहून व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: अकरा दिवस आणि साठी ओलांडलेले आईबाबा, कसं बसवावं?

तुमच्या हातात अकरा दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेले आईबाबा आहेत आणि यादीत उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स (फुलांची घाटी), हेमकुंड (सरोवराकाठचं शीख तीर्थ), बद्रीनाथ, औली, केदारनाथ अशी पाच नावं आहेत. त्यातलं केदारनाथ आणि औली आजच खोडा. वाईट वाटेल, पण खोडा. केदारनाथची वाट रुद्रप्रयागलाच वेगळी फुटते, तो स्वतंत्र प्रवास आहे. त्या दोन नावांचे दिवस वाचतील ते दुसऱ्या कशात घालू नका, रिकामेच ठेवा. पावसाळ्यात त्या रस्त्यावर रिकामा दिवस हीच खरी तयारी.

माझी पहिली फेरी फसली ती इथेच. एका टूरवाल्याने आठ दिवसांत सगळं दाखवतो म्हणून गाडीत बसवलं. पिपळकोटीच्या पुढे पागलनाल्यापाशी दरड आली आणि दीड दिवस रस्ता बंद. हाताशी एकही जादा दिवस नसल्यामुळे कात्री लागली ती घाटीलाच. मला तीन तास मिळाले, तेही दाट धुक्यात. गुडघे दुखतात म्हणून आईला घाटीच्या अलीकडच्या मुक्कामी, घांघरियाच्या खोलीत बसवून गेलो होतो. परत आल्यावर तिने विचारलं, "कशी होती रे फुलं?" मला काही सांगताच आलं नाही. तीन वर्षांनी तिला पुन्हा नेलं, तेव्हा सगळा बेत घाटीच्या भोवती बांधला. तुम्हालाही तसंच करायला सांगेन.

आधी तारीख. घाटी हे राष्ट्रीय उद्यान आहे, ते १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. जूनमध्ये बर्फ असतो आणि फुलं थोडी. खरा बहर साधारण मध्य जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत. पण त्यात एक मेख आहे. श्रावणातल्या कावडयात्रेत, म्हणजे शिवभक्त गंगाजल न्यायला येतात तेव्हा, हरिद्वार-ऋषिकेशचे रस्ते माणसांनी भरून जातात, गाडी तासन्तास हलत नाही. उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून आपल्या पंचांगाप्रमाणे ही गर्दी गुरुपौर्णिमेनंतर सुरू होते आणि दिव्यांच्या अमावस्येला ओसरते. तुम्ही आपल्या श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तिथे पोचा. बहरही मिळेल आणि रस्ताही.

नाशिकरोडहून दिल्लीला मंगला आणि पंजाब मेल दोन्ही जातात. थेट हरिद्वारची वातानुकूलित गाडीही आहे, पण रोज नाही. आरक्षण साठ दिवस आधी खुलतं, त्या दिवशी सकाळीच बसा. हरिद्वारला मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, पाचच्या आत. जोशीमठपर्यंतचा पूर्ण दिवस डोंगरी रस्त्यात जातो आणि दरडी कोसळल्या तर अंधारात अडकू नये. वाटेत देवप्रयागपासून नंदप्रयागपर्यंत चार संगम लागतात. पाचवा, विष्णुप्रयाग, जोशीमठच्या पुढे. आईबाबांना देवप्रयागला अर्धा तास नक्की द्या. एकीकडून भागीरथी, दुसरीकडून अलकनंदा, आणि तिथून पुढे तिचं नाव गंगा. रामकुंडावर वाढलेल्या माणसाला तो घाट सोडवत नाही.

जोशीमठहून गोविंदघाट वीसएक किलोमीटर. तिथून पुलना गावापर्यंत जीप आणि पुढे घांघरियापर्यंत साधारण दहा किलोमीटरची चढण. गोविंदघाटलाच तुम्ही अठराशे मीटरच्या आसपास असता, म्हणजे चालायला सुरुवात करण्याआधीच आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) वर. घांघरिया तीन हजार मीटरवर आहे. या टप्प्याला आईबाबांसाठी खेचर करा, संकोच करू नका. वाट २०१३ च्या महापुरात वाहून गेल्यावर नव्याने बांधलेली आहे, फरसबंद आहे, पण पावसात निसरडी होते. घांघरियात हॉटेलं आहेत आणि गुरुद्वाराही आहे. रोख पैसे खालूनच न्या.

आता घाटी. सकाळी सातच्या सुमारास चौकी उघडते आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. आत मुक्काम करता येत नाही, खाण्याचं एकही दुकान नाही, आणि खेचरांना बंदी आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी कंडी मिळते. पाठीवरच्या वेताच्या टोपलीत बसवून माणूस घेऊन जातो. माझी आई आधी लाजली, "मी काय सामान आहे का?" म्हणाली. पुष्पावती नदीचा पूल ओलांडल्यावर भूर्जाच्या झाडीतून जी खडी चढण लागते ती पाहून गप्प बसली. त्या झाडांची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. हेच आपलं भूर्जपत्र. बाबांना दाखवा, सोलू मात्र देऊ नका.

चढ संपून घाटी उघडली की डोक्याएवढी वाढलेली गुलाबी झुडपं वाटेच्या दोन्ही बाजूंनी लागतात. आई कंडीतून उतरली, एका फुलाखाली बोट धरलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर तेरडा!" खरंच तेरड्याचंच भावंड आहे ते. गौरीला आपण आणतो तो गुडघ्याएवढा, हा माणसाएवढा. एकदोन झुडपांना शेंगाही धरल्या होत्या. तिने एकीला बोट लावलं, तशी ती टचकन फुटून तळहातावर गुंडाळली गेली, अगदी आपल्या अंगणातल्यासारखी. त्यानंतर तासभर ती एकेक फूल वाकून बघत होती. निळी खसखस दिसली तेव्हा पाकळीवरचा पावसाचा थेंब पडू नये म्हणून तिने श्वास रोखला होता. हे तीन तासांच्या धावपळीत होत नाही. म्हणून घाटीला दोन सकाळी द्या. पहिल्या दिवशी धुकं असलं तर दुसरा दिवस हातात राहतो.

पुढे थोडं आत जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. वनस्पती गोळा करायला आल्या आणि १९३९ मध्ये इथेच कड्यावरून घसरून गेल्या. त्याआधी १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ इथे उतरले आणि त्यांच्यामुळे घाटी जगाला कळली. भ्यूंडार गावचे लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारत होते, तेही आईबाबांना सांगा.

हेमकुंडचा निर्णय तिथे पोचल्यावर घ्या. घांघरियाहून सहा किलोमीटर, सगळा खडा चढ, आणि सरोवर चार हजार मीटरच्या वर. पहिल्याच दिवशी जाऊ नका, घाटीचा एक दिवस झाला की शरीर थोडं सरावतं. तिथे खेचर चालतं. पण डोकं ठणकत असेल, उलटी होत असेल, तर कितीही वर पोचला असलात तरी खाली फिरा. ब्रह्मकमळ पाहायचं तर ते त्याच वाटेवर. आपण कुंडीत लावतो आणि रात्री उमलताना शेजाऱ्यांना बोलावतो ते निवडुंगाच्या जातीचं, वेगळं झाड. खरं ब्रह्मकमळ दिवसाही उमललेलं दिसतं, फिकट हिरव्या-पिवळ्या कागदी पाकळ्यांचं, आत जांभळा गोंडा. तोडू नका, आणि कोणी तोडून विकत असलं तर घेऊही नका.

बद्रीनाथ गोविंदघाटहून पंचवीस किलोमीटर, उतरल्यावर एक दिवस पुरतो. यात्रेची ऑनलाइन नोंदणी घरूनच करा.

तयारीला दोन महिने आहेत. बाबांना रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या, पंधरा दिवसांनी अंजनेरी. तुम्ही स्वतः भर पावसात बारी गावातून कळसूबाई एकदा करा, त्याच बुटांनी जे तिकडे नेणार आहात. नवे बूट घांघरियात पहिल्यांदा घालू नका. मोज्यांचे जोड मोजून दुप्पट घ्या, कारण तिथे ओलं काही वाळत नाही. खायला दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू न्या, पण प्लास्टिकचा एकही कागद घाटीत राहू देऊ नका.

आणि परतीच्या गाडीचं तिकीट ऋषिकेशला उतराल त्या दिवशीचं काढू नका. मध्ये एक अख्खा दिवस सोडा. रस्ता सुरळीत मिळाला तर तो दिवस आईबाबा गंगेच्या घाटावर घालवतील.